अनंताचा हात

गणेशपुरी
८ ऑगस्ट १९७४

ती. वाल्मीकदादास,
मंदाचा सविनय जयभीम.

मी खुशाल आहे. भाताची लावणी उरकली, तशी शाळेत पोरं पुन्हा दिसायला लागली. पत्र लिहायचं कारण असं, की हजेरीपटावर बॉलपेन चालणार नाही असा फतवा हेडमास्तरांनी काढलाय. माझं शाईपेन म्हणजे गळकं मडकं. तीन पदर निळे करून झाले. इथल्या दुकानात मिळतात ती पेनं लिहीत नाहीत, कागद ओरबाडतात.

तेव्हा भिवंडीतून एक पेन घेऊन पाठव. रोज पाच-सहा पानं लिहून हात दुखू नये, गळू नये आणि हरवलं तर रडू येऊ नये इतकं स्वस्त असावं. तू कलिंगड घेताना दहा वाजवून बघतोस आणि अकरावं घेतोस, म्हणून हे काम तुझ्याकडे.

आई अजून पोस्टमनची वाट बघते का? अनंतादादाला घर सोडून या महिन्यात पाच वर्षं झाली. दादा, तिला जप.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझी मंदा


भिवंडी, निजामपुरा
१९ ऑगस्ट १९७४

चि. मंदास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

दोन रविवार तुझ्या पेनापायी घातले. कारखान्यात दिवसभर लूमच्या ताग्यांच्या नोंदी करतो, त्यामुळे पेनातलं मला थोडं कळतं. नवी पेनं सतरा पाहिली. एकाचं टोपण सैल, एकाची जीभ शाई अडवते, एक दिसायला नवरदेव आणि लिहायला खिळा. शेवटी बाजाराच्या पायरीवर बसून पेनं दुरुस्त करणारा लडकू आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला की, नवं पेन सा महिने रडवतं, जुनं न्हाय रडवत. त्याने डब्यातून एक हिरवं पेन काढून दिलं. किंमत दोन रुपये. निब छान बसलेली आहे. जरा डावीकडे कलतं धरावं लागतं, मग पाण्यासारखं चालतं. शेजारच्या गोदूबाई गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर निघाल्यात, त्यांच्याबरोबर पाठवतोय.

आई वाट बघते. तिला वाचता येत नाही, पण पत्र आधी तीच हातात घेते. अनंताला रागाच्या भरात मीच म्हणालो होतो की जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याने माझं कधी काही ऐकलं नव्हतं, नेमकं तेवढंच ऐकलं.

तब्येत सांभाळ. इकडची आठवण राहू दे.
वाल्मीक


गणेशपुरी
२६ ऑगस्ट १९७४

ती. दादास,
मंदाचा जयभीम.

पेन पोचलं. हे पत्र त्यानेच लिहितेय. अकरावं कलिंगड गोड निघालं हो! सरळ धरलं तर अडून बसतं, कलतं धरलं की हात आपोआप पुढं जातो. पहिले दोन दिवस अवघड गेलं, आता मी त्याच्याच कलाने घेते. चाळीस वह्या तपासल्या, बोट दुखलं नाही.

आईला सांग, दसऱ्याला येते. तोवर लोभ उतू जाऊ दे, कमी नको.
मंदा


भिवंडी
२ सप्टेंबर १९७४

चि. मंदास,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी ड्युटीवर होतो. परत आलो तर आई पत्र मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली की अनंताचं आलंय. मी म्हटलं मंदाचं आहे, वाचूनही दाखवलं. तिने ओळींवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, की तुमी वाचा काय वाचायचं ते, माज्या लेकराचा हात मी वळखते.

तिची समजूत पटावी म्हणून ट्रंकेतून अनंताची सातवीची वही काढली आणि पत्राशेजारी धरली. तीच डावीकडे झुकलेली अक्षरं. प्रत्येक शब्दावरची रेघ तशीच मध्ये तुटलेली. त-ची शेपटीसुद्धा तीच. मंदा, ही थट्टा असेल तर फार वाईट आहे.

त्या दिवसापासून आई जेवत नाही. तो निघालाय, आला की एकदमच बसू म्हणते. अर्धी भाकरीसुद्धा हात जोडल्यावर खाते. उठताना भिंत धरते. मला भीती वाटते.

खरं काय ते लगेच कळव.
वाल्मीक


गणेशपुरी
६ सप्टेंबर १९७४

ती. दादास,
जयभीम.

आईच्या जिवाशी थट्टा करेन अशी वाटले का मी तुला? पत्र वाचून मी रडले. मग फळ्यावर खडूने लिहिलं, ते माझं अक्षर. हेडमास्तरांच्या पेनाने लिहिलं, तेही माझं. या हिरव्या पेनाने लिहिलं की अनंतादादाचं. हे पत्र म्हणूनच पेन्सिलीने लिहितेय.

हेडमास्तरांच्या हातात ते पेन एक अक्षर उमटवेना. ते म्हणाले, निब एकाच हाताने वर्षानुवर्षं झिजली की त्याच हाताची होते, म्हणून जुनी माणसं आपलं पेन कुणाला देत नसत. दादा, हे पेन त्याचं आहे. लडकूला विचार, त्याच्याकडे कुठून आलं.

आणखी एक. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशी मी वह्या तपासत होते. चौथीतल्या चंद्राच्या वहीत शेऱ्याच्या जागी मी लिहिलं, ‘मी जेवलो. आईने जेवून घ्यावं.’ चंद्राने विचारलं तेव्हा मला कळलं. आई जेवत नाही हे तेव्हा मला ठाऊकही नव्हतं.

मला इथं एकटीला करमत नाही. उत्तर लवकर दे.
मंदा


भिवंडी
११ सप्टेंबर १९७४

चि. मंदास,
आशीर्वाद.

बसून वाच. लडकूने ते पेन ठकुबाईच्या खाणावळीतून घेतलं होतं. खाणावळ आपल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तिथं गेलो. अनंता तीन वर्षं तिथंच राहत होता, मंदा. नाइट शिफ्ट करायचा आणि दिवसा लूमवरच्या लोकांची पत्रं लिहून द्यायचा. ठकुबाई म्हणाली की सोताच्या घरच्यांना पत्र लिवायचा न् फाडायचा. बहात्तरच्या डिसेंबरात तापाने गेला. घर कुठं म्हणून विचारलं तर शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्या एका शब्दापायी दोन गल्ल्या ओलांडल्या नाहीत त्याने.

आईला कसं सांगू? आज तिने घोटभर चहाही परत केला. माझं एक ऐक. त्या पेनाने तिला एक पत्र लिही, की मी लांब आहे, सुखात आहे, येईन, तू जेवत जा. खोटं आहे, पण आईचा जीव वाचेल. पाया पडतो.

वाल्मीक


गणेशपुरी
१४ सप्टेंबर १९७४

ती. दादास,
जयभीम.

लिहायला बसले. ‘आई’ इतकं लिहिलं. पुढं ‘मी सुखात आहे’ म्हणून हात नेला तर शाई उतरेना. चार कागद फाटले. पेन भरलेलं होतं, दादा. मग भीती गेली आणि लाजच वाटली.

गोदूबाई आज पुन्हा कुंडावर आल्या होत्या, त्यांच्याबरोबर पेन परत पाठवतेय. आईला तूच सांग. ‘जा’ तू म्हणाला होतास, ‘गेला’ हेही तुझ्याच तोंडून तिला कळू दे. रागाने लिहीत नाही. तू मला हवा आहेस आणि आईही.

मंदा


भिवंडी
१८ सप्टेंबर १९७४
(वर कोपऱ्यात) मी जेवलो. आईने जेवून घ्यावं.

चि. मंदास,
आईचा आशीर्वाद.

घाबरू नको पोरी. मला लिवता येत न्हाय हे तुला म्हाईत हाय. मी नुसती बोलतेय.

वाल्मीकनं काल सगळं सांगितलं. माज्या पायावर डोकं ठेवून लहान पोरागत रडला. मी न्हाय रडले. मी म्हनलं, ते पेन दे माज्याजवळ. आज तो ड्युटीला गेला, मी घरात एकटी. पेन हातात धरलं, उगीच, लेकराची वस्तू म्हनून. तर पाठीमागनं माज्या हातावर हात आला. गार न्हाय, चांगला ऊन हाय. पाटीवर पोराचा हात धरून गिरवून घेत्यात ना, तसा धरलाय. मी बोलते न् हात चालतो.

पहिलं इचारलं, जेवलास का रं? तर कागदावर आपसूक कायतरी उमटलं. मला वाचता येत न्हाय, तूच वाच, वर कोपऱ्यात हाय. पन मला समजलं. मी उठून भाकरी वाढून घेतली, कालवन घेतलं न् पोटभर जेवले. आता माजी काळजी करू नको.

त्याचा वाल्मीकवर राग न्हाय. मी इचारलं तवा हात जरा थांबला, मग माजी बोटं हळूच दाबली.

वाल्मीक आत्ताच आला. दारातच थांबलाय. मी म्हनलं, ये की रं आत, भाऊ हाय तुजा. पन तो माज्याकडं बघत न्हाय. माज्या मागं बघतोय.

तुजी आई
शांताबाई