काचेच्या खोलीला पडदे

क्लाइव्ह,

मी बहिणीकडे जातेय. फ्रिजमध्ये सूप आहे. नव्या खोलीत अनवाणी जाऊ नकोस. तू मला फेकून मारलेल्या लिंबाच्या कुंडीच्या खापऱ्या मी उचललेल्या नाहीत.

लिंबा-संत्र्यांची झाडं ठेवायला घराला ही काचेची खोली जोडलीस, तेव्हा मी पडदे मागत होते. "कशाला? जळू देत की शेजारी!" म्हणालास. इतकी वर्षं विटांच्या भिंतीआड मारलंस, कुणाला पत्ता लागला नाही. काल माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलंस, तेव्हा शेजारची हिलरी तिच्या बागेत कपडे वाळत घालत होती. सगळं बघितलंय तिनं.

सकाळी तीच मला पोलिसांकडे घेऊन गेली. ते येतीलच आता. लपत बसू नकोस, बाहेरून सगळं दिसतं.

मॉरीन