चढाई आपली का त्यांची?

मंगळवार, संध्याकाळ

मागच्या आठवड्यात कबड्डीत रूपालीचं डोकं जमिनीवर आदळलं. उठल्यावर सारखी विचारत होती, "सर, चढाई आपली का त्यांची?" मला वाटलं, काय जिद्द पोरीची! कांदा हुंगवून मीच तिला परत खेळवलं.

आज उलट्या थांबेनात, म्हणून तिचे वडील शेळ्या सोडून तिला गेवराईच्या दवाखान्यात घेऊन गेले. मीही गेलो. डॉक्टर भडकले, "इतके दिवस का थांबलात?" माझ्या तोंडून निघालं, "घरच्यांनी उशीर केला."

घरच्यांनी? दुसऱ्याच दिवशी तिचे वडील शाळेत विचारायला आलते. 'काय होत न्हाई' म्हणून मीच परत पाठवलं. तरी ते डॉक्टरांपुढं गप्प राहिले. चढाई आपली का त्यांची... पोरगी तेच तेच विचारत होती, मार डोक्यात गेलाय हे तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

बाहेर आल्यावर म्हणाले, "सर, सकाळपासून तुमच्या पोटात काय न्हाई. चला, चहा घेऊ."

आणि मी तो चहा प्यालो.