मानेवरचा काळा पट्टा

१२ मे, पोलादपूर. संध्याकाळ.

आत्याने आज परत बिनसाखरेचा चहा घेतला. म्हणाली, "पित्त होतं रे." पण तिची मान! मागून काळी, जाडसर. पप्पांची तशीच, माझीपण. आई रोज ओरडते, मान घास. कितीही घासा, जात नाही. पप्पा म्हणतात शेतातलं ऊन. मी कधी गेलो शेतात? मी वाचलंय, शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल तर मान अशी होऊ शकते, आणि ते जीन्समधूनही येतं.

सरळ विचारलं, "आत्या, तुला शुगर आहे ना?"

तिने आधी दार लोटलं. "हळू बोल! तुझ्या ताईला बघायला माणसं यायचीत. घरात साखर हाय कळलं तर येतील काय?"

"पप्पांना माहितीय?"

"त्यानंच सांगितलंय, गप रहा म्हणून."

म्हणजे पप्पांनापण आहे? की फक्त आत्याचंच झाकतायत? आणि ताईचं काय, तिला कोण सांगणार?

मीच सांगितलं. उद्या आम्ही दोघं उपाशीपोटी महाडला जाऊन रक्त देणार. घरी म्हटलं, चप्पल घ्यायला जातोय. ताई घाबरली नाही, रडली नाही. एवढंच विचारलं, "रिपोर्टवर माझं नाव येतं का रे?"