फिदेलियाच्या निर्धूर चुली

प्रिय फिदेलिया,

फोनवर तू गोड बोलतेस आणि माझं बोलणं मध्येच तोडतेस, म्हणून लिहिते आहे. आई बरी आहे. बटाटे यंदा हिवाने काळे पडले. तुझी निर्धूर चूलही छान आहे. तिच्यावर मी कणसं वाळवते.

तुझ्या संस्थेत ती चूल कुणी आखली गं? तोंडात धड लाकूड शिरत नाही, वर मका शिजवायचं मडकं बसत नाही आणि घर तर ती तापवतच नाही. आखणाऱ्या साहेबाला इथली थंडी ठाऊक नसेल. तू तर याच घरात जन्मलीस! तरी फोटोसाठी आईच्या चुलीचे तिन्ही दगड उचलून ओढ्यात टाकलेस. वर म्हणालीस, "आई, आता धूर नाही, खोकला नाही!" तू गेल्यावर आई आठवडाभर तीन शाली गुंडाळून कोपऱ्यात बसली. शेवटी मीच ओढ्यात उतरले आणि दगड परत आणून मांडले.

मग गेल्या वर्षी तू त्या परदेशी बाईला घेऊन आलीस. विमानाने जगभर हिंडायचं, तुमच्या संस्थेला चार पैसे भरायचे, की तिच्या विमानाचा सगळा धूर आमच्या चुलींनी लाकूड वाचवून फेडला असा कागद तिला मिळतो. काय सोय आहे! सकाळीच येऊन तू चुलीत काटक्या पेटवून ठेवल्यास आणि मला बजावलंस, "ताई, स्पॅनिश बोलू नकोस हं, आपली माम भाषाच बोल. पाहुण्यांना तेच आवडतं." बाईने विचारलं, चूल कशी वाटते? मी माममध्ये म्हणाले, "दोन वर्षं विझलेली आहे. कोंबडी अंडी घालते तिच्यात." तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि स्पॅनिशमध्ये हसत सांगितलंस, "ती म्हणते, निम्मं लाकूड वाचलं. देव तुमचं भलं करो." त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने माझे हात हातात घेतले. आणि मी, स्पॅनिश न येण्याचं सोंग घेतलेली बावळट बाई, गप्प उभी राहिले. तुझी लाज झाकायला. त्या गप्प बसण्याची किळस मला अजून येते. तुझी तर येतेच.

तुला वाटतं, फसली ती गोरी बाई. तिचं काय जातंय? धूर तिकडेही निघतोय आणि इथेही. पाऊस मात्र आमचाच हुकतो, आणि हिव अवेळी पडून बटाटे आमचेच जातात. हे तू शाळेत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त शिकलीस. शिकून काय केलंस, तर चांगलं भाषांतर.

परवा चुली खरंच जळतात का ते बघायला दोन तपासनीस आले. तुला न कळवता आले. त्यातली एक मुलगी पलीकडच्या डोंगरातली, माम बोलणारी. चहा घेऊन म्हणाली, "मावशी, खरं सांगा, कुणी रागावणार नाही." मी तिला घरोघर फिरवलं. बेचाळीस चुली. जळत होत्या सात. शेजारच्या दोनिया हुस्ताच्या घरात तर चुलीत बूट ठेवलेले. मुलीने सगळं लिहून घेतलं आणि मग विचारलं, ती परदेशी बाई आली त्या दिवशी दुभाषी कोण होतं? आठवत नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं. मी तुझं नाव सांगितलं.

हे पत्र पाठवण्याचं कारण एवढंच. ते अजून खालच्या दोन वस्त्या बघणार आहेत, शुक्रवारी राजधानीत तुझ्या कचेरीत पोचतील. पत्र आजच्या बसने निघतंय, गुरुवारी तुझ्या हातात पडेल. म्हणजे एक दिवस तुझा आहे. त्यांच्या आधी तू कचेरीत जा आणि स्वतःच्या तोंडाने सांग. नोकरी जायची ती जाईल; पण पकडली गेलेली आणि कबूल करणारी यांत मी फरक करते. आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते तू येऊन सांग, तीन दगडांच्या चुलीपाशी बसून.

तुझीच,
पेत्रोना