दिवे लागले की फौजदार

१२ डिसेंबर
काल परत आला होता. बिबट. गोठ्यामागे पंजे उमटलेत. मागच्या महिन्यात आमच्या कुत्र्याच्या, फौजदारच्या आईला त्याने आमच्याच अंगणातून उचललं. आता हा एकटा उरला.

जेवताना सासरे, मामाजी, म्हणाले, "कुत्रा हाये म्हणून येते ते. आन् संघू तं अंगणातच खेळते." पोर चार वर्षांची आहे माझी. पुढे बोलायची गरजच नव्हती.

१३ डिसेंबर
फौजदार हे नाव माझ्या नवऱ्याने, राजदीपने ठेवलं, सगळ्यांवर डाफरतो म्हणून. आई गेल्यापासून त्याने नवीनच कायदा काढलाय. दिवे लागले की माझ्या पदराचं टोक तोंडात धरतो आणि दाराकडे ओढत नेतो. बकरी बांधायची असो, भांडी राहिलेली असोत — ऐकत नाही. उंबऱ्याच्या आत पाय पडला की सोडतो. पातळांची चाळण केली मेल्याने. राजदीपला ओढत नाही, मामाजींना नाही. फक्त मला.

२० डिसेंबर
जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, फौजदारला कुठे घर मिळेल का. म्हणाले, जानेवारीत चंद्रपूरला डॉग शो आहे, गावठी कुत्र्यांचा वेगळा गट आहे. "नागपूरचे लोक येतेत. आजकाल त्याइले देशीच पायजे. रिंगणात चांगला चालला तं कोणी ना कोणी नेईन."
"जिंकन का?"
"जिंकनं सोडा बाई. घर भेटन त्याले."

राजदीप म्हणतो, तुह्या मनावर आहे. माझ्या मनाला कोण विचारतं!

२८ डिसेंबर
शिकवणी सुरू. साखळी घातली तर आडवाच पडला. संघूने दगड मांडून रिंगण केलंय. शेजारची चंदाकाकू कुंपणावरून म्हणते, "काऊन वं नंदिनी, लग्नात नेऊन राह्यली का त्याले?"

नीट शिकवलं तर नागपूरवाले नेतील. नाही शिकवलं तर बिबट नेईल. मग शिकवलेलंच बरं.

३ जानेवारी
आज अख्खी फेरी माझ्या पायाला लागून चालला, मान वर करून. इतका अभिमान वाटला की आत जाऊन रडले.

१२ जानेवारी
झालं काल एकदाचं.

भाजीच्या गाडीतून गेलो. मैदानावर काय काय कुत्री! एकाला तर पंखा लावून ठेवला होता. एक बाई आपल्या कुत्र्याचा भांग पाडत होती. आमचा फौजदार कोणावर डाफरला नाही, हबकूनच गेला. मीही.

आमचा गट दुपारी होता, पण आधीच्यांचंच आटपेना. संध्याकाळ झाली तेव्हा नाव पुकारलं. अर्धी फेरी अशी चालला की जजसाहेब मान डोलावू लागले. तेवढ्यात मैदानातले मोठे दिवे लागले.

संपलं. त्याने पदर धरला. साखळी मी ओढतेय, पदर तो ओढतोय. मैदानात आमच्या घराचं दार कुठून असणार? म्हणून गडी सरळ जजच्या मांडवाकडे निघाला. कोणीतरी ओरडलं, "अबे, कुत्राच बाईले फिरवून राह्यला!" सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मांडवाच्या आत माझा पाय पडला तसा पदर सोडला आणि अंधाराकडे तोंड करून बसला.

जज म्हणाले, "हे काय करून राह्यला हा?" मी सांगितलं. बिबट, त्याची आई, दिवे — सगळं. नंबर काही आला नाही.

पण नागपूरच्या एक बाई आल्या. रंजीता मॅडम. बँकेत आहेत, तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात. त्याच्यापुढे जमिनीवरच बसल्या, चांगल्या कपड्यांनिशी. "मी नेऊ का याला? माझ्याकडे याला भीती नाही." हेच तर हवं होतं मला. साखळी त्यांच्या हातात दिली. गाडीच्या काचेतून तो बघत राहिला. मी हसून हात केला, म्हणजे त्याला वाटावं मागून येतेच आहे.

१४ जानेवारी
संघू विचारते, फौजदार कुठी गेला? ड्युटीवर, म्हटलं.

१९ जानेवारी
मॅडमचा फोन आला. नीट खात नाही, दाराशीच बसून असतो म्हणे. मला वाईट वाटलं असं लिहिणार होते. खोटं कशाला? बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

गोठ्यामागे पंजे नाहीत. मामाजी समाधानाने जेवतात. मी जेवते.

२ फेब्रुवारी
मॅडमनी व्हिडिओ पाठवला. संध्याकाळ आहे, त्या गॅलरीत कपडे काढताहेत. फौजदारने त्यांच्या ओढणीचं टोक तोंडात धरलंय आणि आत ओढतोय. खाली लिहिलंय, "नव्या ओढणीला भोक पाडलं तुमच्या फौजदारने."

माझा नाही मॅडम. तुमचा.

बाहेर दिवे लागले होते. बकरी बांधली, भांडी उचलली आणि माझी मीच आत आले.