कोपराला तेल लावलं न्हाय

माय, मी तुझी थोरली. वळख लागली का? का वर गेल्यावरबी खोड तीच? मीठ आणायला जायचीस आन गावभरच्या लेकरांचे मुरगळलेले पाय चोळून रिकाम्या हातानं यायचीस. मला अक्षर येत न्हाय, नात लिहून घेतीया.

दोन महिन्यांमागं हीच चिंचेवरून पडली. उजवं कोपर सुजून वाकडं झालं. मी बांधायला फडकं फाडलंसुद्धा, पण सून म्हणाली, "आत्या, हात नका लावू," आन बेंबळीहून थेट धाराशिवला नेलं. डॉक्टरनं आधी मनगटाची नाडी बघितली, बोटं हलवायला लावली. मग भूल देऊन हाड जागेवर आणलं आन कातडीतूनच दोन बारीक तारा घातल्या, टोकं बाहेर. मी म्हटलं, "डॉक्टर, पोरगी हाय का छत्री?" चार आठवड्यांनी तारा काढल्या तेव्हा ही टकमक बघत होती, डोळे मी झाकले.

कोपर आखडलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, चोळायचं न्हाय, ओढायचं न्हाय. चोळलं की नको तिथं हाड धरतं, कोपर कायमचं अडकतं. तिचं तिला हलवू द्या." मी माझा उजवा हात पदराखाली घेतला. सात वर्षांची असताना मी पडले, तू रोज सकाळी चोळलंस, आन हा हात अजून तोंडापर्यंत जात न्हाय. पंगतीत डाव्या हातानं जेवताना बायांनी विचारलं, की सांगते, "मायनं नीट केला होता, मीच दुसऱ्यांदा पडले." तुझ्या हाताचं नाव जाऊ दिलं न्हाय.

घरी आल्यावर नात म्हणाली, "आज्जे, चोळ की थोडं, दुखतंय." करडीचं तेल कोमट करून झालं होतं, बोटं तेलात होती. लई ओढ लागली, माय. तुझी लेक ना मी! शेवटी तेल तिच्या तळपायांना लावलं, आन ती आपली आपण हात वाकवत बसली. एक दिवस हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत. आता त्याच हातानं घास घेते, हे लिहितेय तेबी त्याच हातानं.

मला तुझा राग आला का, असं ती मघाशी विचारत होती. खरं सांगते. चोळताना मी वरडून गाव गोळा करायचे, पण 'बास' कधी म्हणाले न्हाय. दिवसभर तू दुसऱ्यांच्या लेकरांची. तेवढीच घटका माझ्यापाशी बसायचीस.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं? वहीतच राहू दे. तिकडून काही धाडता आलं तर धपाटे धाड. लसूण बक्कळ घाल आन पातळ थाप, मला आता दात न्हाईत.