बेल वाजवू नये

आल्फामा, लिस्बन
शनिवार, ३ जून २०२३

प्रिय लिंदाताईस,

धाकट्या ईदाचा नमस्कार. गुडघे सोडले तर मी बरी आहे. तुझ्या गुडघ्यांचं काय चाललंय ते मला ठाऊक नाही, कारण नाताळच्या कार्डावर तू फक्त नाव लिहितेस. मीही तेच करते, तेव्हा ही तक्रार नव्हे.

इथली खबर द्यायची तर आमिल्कारच्या किराणा दुकानात आता साबण, कडधान्य काही मिळत नाही. फ्रिजला चिकटवायच्या ट्राम मिळतात. धुणीघर अजून चालू आहे, पण बायका चारच उरल्या आहेत. झुल्मिरा चौऱ्याऐंशीची झाली. दारात स्टुल टाकून चेरीची दारू विकते आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खोड काढते. गल्लीत पताका लागल्या आहेत. संत अंतोनियोच्या सणाला नऊ दिवस राहिले, म्हणून खालचा शेजारी रोज शेगडी काढून घासतो आणि परत ठेवून देतो.

आपलं घर मात्र या महिन्याच्या तीस तारखेला सोडायचं आहे. मालकाला तिथे पाहुण्यांसाठी खोल्या करायच्या आहेत. मी नदीपलीकडे बारेरूला जाणार, पाचव्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणतात. असो, हे सांगायला पत्र लिहीत नाही.

धुणीघरातून सुटल्यापासून मी आठवड्यातून तीन सकाळी पाहुण्यांना वस्ती दाखवते. हसू नकोस. चर्चपासून सुरुवात करायची, जिन्याजिन्यांनी खाली नदीपर्यंत, मग ट्रामने बीकाच्या चढाला. मिरवणुकीतल्या आपल्या वैऱ्यांची ती वस्ती दाखवताना मी आवाज जरा पाडते, एवढा अभिमान अजून शिल्लक आहे. झुल्मिरा मला बघितलं की ओरडते, “काय गं ईदा, आज किती मेंढरं हाकून आणलीस?” त्यांना वाटतं म्हातारी स्वागत करते आहे. ते हात हलवतात.

परवा, गुरुवारी, अकरा जण होते. कोपऱ्यावर मंजेरिकोच्या कुंड्या विकायला आल्या आहेत, तीच बारीक पानांची वासाची झुडपं, गोल गरगरीत, कागदी फूल आणि चार ओळींची चिठ्ठी खोचलेल्या. मी तिथे नेहमी थांबते. एका थोराड बाप्याने वाकून सरळ झुडपात नाक खुपसलं, मग त्याच्या बायकोने. एरवी मी लगेच सांगते की असा वास घेतला तर झाड मरतं, आधी पानांवरून तळहात फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. त्या दिवशी तेवढं सांगायचं राहूनच गेलं. मागच्या बाजूला एक मुलगी उभी होती, बावीसेक वर्षांची, पाठीवर पिशवी. तिने दोन्ही हातांनी कुंडी धरली नाही, वाकलीही नाही. फक्त उजवा तळहात पानांवरून असा फिरवला जसं लहान मुलाचं डोकं कुरवाळावं, आणि डोळे मिटून हात नाकाशी नेला.

मी विचारलं, “हे कुणी शिकवलं तुला?”

“आजीने,” ती म्हणाली. आपली भाषा बोलते, पण ‘र’ सगळे घशातून. “आमच्याकडे फ्रान्समध्ये हे झाड कुंडीत नीट वाढत नाही. ती पुदिन्यावर हात फिरवते आणि म्हणते, हे खोटं आहे.”

मी पुढे काही विचारलं नाही. दहा माणसं वाट बघत होती.

तिच्याकडे एक कागद होता. आजीने काय काय बघायचं ते लिहून दिलेलं. किल्ला नाही, मठ नाही, एकही नामांकित जागा नाही. तिने तो मला वाचायला दिला, कारण अक्षर लागत नव्हतं. मला लागलं. सातच्या आकड्याला पोटात रेघ मारायची तुझी खोड गेली नाही ताई. लिहिलं होतंस, चर्चमागच्या जिन्याची खालून तिसरी पायरी, तिला बसायला खळगा आहे. धुणीघरात डावीकडचाच नळ सोड, उजवीकडचा अंगावर उडतो. बीकाच्या चढावरून नदी बघ, पण बीकावाल्यांसमोर छान म्हणू नकोस. मी तो कागद मोठ्याने वाचला आणि नकाशा बाजूला ठेवून सगळ्या मेंढरांना तुझ्या कागदावरून फिरवलं. तुझ्या खळग्यात तो थोराड बाप्या बसला आणि अडकला. पोरगी एवढी हसली की तिचं हसू ऐकून झुल्मिरा दाराबाहेर आली. तिने मुलीला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि माझ्या कानाशी म्हणाली, “ही लिंदाची. चाल बघ, जसं काही रस्त्यावर उपकार करते आहे.”

कागदावरची शेवटची ओळ मी मोठ्याने वाचली नाही. ‘चौदा नंबर, दुसरा मजला, हिरवी खिडकी. खालूनच बघ. बेल वाजवू नये.’

आम्ही खाली उभे राहिलो. खिडकीत माझे दोन पेटीकोट वाळत होते. लाज वाटली. तिने फोटो काढला. मग विचारलं, “तिथे राहतं का कुणी?”

“एक बाई राहते,” मी म्हणाले.

“कशी आहे?”

“शेजाऱ्यांना विचारलंस तर बरी म्हणतील.”

तिला मी नाव सांगितलं नाही. तिची मी कोण ते तू सांगायचं की नाही, हा तुझा अधिकार आहे. तिला तुझ्यासाठी मंजेरिको न्यायचा आहे. उद्या सकाळी बसने निघण्याआधी झुल्मिराच्या दारी ये, चांगला शोधून ठेवते, असं मी सांगितलं आहे. ही कुंडी आणि हे पत्र तिच्याच हाती येईल. तिला वाटेल गाईडबाईंनी झाडाला पाणी किती घालायचं ते लिहून दिलंय.

आता जे लिहायचं आहे ते. चहा करून आले, खिडकी पुसली, पेटीकोट घडी करून ठेवले. आता घरात करण्यासारखं काही राहिलं नाही.

एकोणनव्वदच्या जूनमध्ये, नऊ तारखेला, तू आमिल्कारच्या दुकानात फोन केला होतास. त्याने खालून हाक मारली, मी ओले हात पुसत गेले. तू विचारलंस, आई कशी आहे, निघू का? मी म्हणाले, सर्दी आहे, ऑगस्टमध्ये येतेसच की, तेव्हा ये. ताई, त्याच्या तीन दिवस आधी डॉक्टरांनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं की फार तर पंधरवडा.

त्या वर्षी सणाच्या मिरवणुकीत मला पहिल्यांदा पुढच्या ओळीत घेतलं होतं. निळा घागरा शिवून तयार होता. तू आली असतीस तर आईचं किती झालंय हे गल्लीला कळलं असतं आणि मला घरी बसावं लागलं असतं. पण एवढंच कारण असतं तर मी केव्हाच कबूल केलं असतं आणि तू दोन थोबाडीत देऊन मोकळी झाली असतीस. खरं कारण असं की तू आफ्रिकेतली सक्तीची लढाई टाळणाऱ्या नवऱ्याबरोबर सरहद्द ओलांडून गेलीस त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि सतरा वर्षं मी आईचं जेवणखाण, कपडे, पाय दाबणं केलं, आणि ती प्रत्येक घासाला विचारायची, लिंदा आज काय जेवली असेल. मला वाटलं, शेवटचे थोडे दिवस तरी ती माझी असावी. तू आलीस की मी पुन्हा नळाखालची बादली. हे मला वाटलं, आणि मी फोन ठेवला.

बारा तारखेला मी मिरवणुकीत कमान धरून नाचले. आईजवळ झुल्मिरा बसली होती.

चौदाला दुपारी मी आईच्या उशाशी मंजेरिको नेला. तुला आठवतं, आईचे हात धुणीघरातल्या ब्लीचने भरलेले असायचे, त्यावर कसलाही वास टिकायचा नाही. म्हणून ती तुझ्या हाताचा घ्यायची. दर जूनला तू पानांवर तळहात फिरवायचीस आणि तिच्या नाकाशी धरायचीस. मी बारा वर्षांची असताना टबाला लागले, तेव्हा माझेही हात तसलेच झाले. माझ्याकडे तिने कधी मागितलाच नाही.

त्या दुपारी ती म्हणाली, “लिंदाला म्हणावं, हात आण.”

मी न्हाणीत गेले. साबणाने तीनदा हात धुतले, मग लिंबाने घासले. परत येऊन पानांवरून तळहात फिरवला आणि तिच्या नाकाशी धरला. तिचे डोळे मिटलेले होते. तिने खोल श्वास घेतला आणि म्हणाली, “आलीस. किती उशीर केलास गं.”

मी म्हणाले, “हो आई.” तुझ्या आवाजात म्हणाले. मला तुझा आवाज चांगला काढता यायचा, माहीत आहे ना तुला?

तिने माझ्या तळहाताचा मुका घेतला. मग तो गालाखाली ठेवला आणि म्हणाली, “बाहेर फार दिवस राहिलीस. आता माझा राग नाही.” तशीच झोपली. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला, पण मी काढला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेली.

तू अठराला पोचलीस. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, काळा रुमाल हातात पिळत विचारलंस, “शेवटी माझं नाव काढलं का तिने?” मी म्हणाले, “नाही.” हो म्हणाले असते तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझी किल्ली तेलाच्या बाटलीशेजारी होती आणि तू गेली होतीस.

तुला चौतीस वर्षं वाटत आलं असेल की आईने तुला मनातून पुसलं. ताई, ती शेवटचा शब्द तुझ्याशी बोलली. शेवटचा मुका तुझा घेतला. मी फक्त मध्ये हात धरून उभी होते आणि तुझं आलेलं तुला पोचवलं नाही. पोरीने परवा हात फिरवला तेव्हा मला हेच दिसलं, की आईला हवा होता तो हात अजून चालू आहे, आणि मी तिला खिडकीखाली उभं करून ‘एक बाई राहते’ म्हणाले.

माफ कर म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. माफ कर. नाही केलंस तरी चालेल, पण आईने तुला पुसलं असं माझ्यामुळे मनात ठेवलं असशील तर तेवढं काढून टाक. ती तुझ्यावर रागावून गेली नाही.

कुंडीला रोज संध्याकाळी पाणी घाल, पानांवर नको. नातीला नाक लावू देऊ नकोस. तिला माहीत आहे, तरी सांगते.

बारा तारखेला खालचा शेजारी त्याची शेगडी एकदाची पेटवेल. मी त्या दिवशी घरात शिरलेल्या गल्लीतल्या सगळ्यांना बाहेर काढून दोन खुर्च्या खिडकीशी लावणार आहे. एकीवर बसेन. कुलूप बदललेलं नाही, तीस तारखेपर्यंत तेच आहे.

बेल वाजवायची नाही असं तू लिहिलं आहेस, तर नको वाजवू. पाकिटात खाली चाचपून बघ. तुझी किल्ली ठेवली आहे.

तुझा हात उसना घेतलेली,
ईदा